प्रश्न पुकारला गेला तेव्हा

जनार्दन गेल्याची बातमी ज्या कार्यकर्त्याने मला फोनवर दिली, तो आधी रडला, मग नाक ओढलं आणि लगेच म्हणाला, "मॅडम, शोकसभेत दोन शब्द बोलाल ना? भाऊंच्या जुन्या सहकारी म्हणून तुमचं नाव टाकलंय आम्ही." नाव टाकून झालं होतं, विचारणं आपलं रीत म्हणून. मागे कुणीतरी हार-फुलांवरून घासाघीस करत होतं, ती मला स्वच्छ ऐकू येत होती. मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी औषधं आणायला बाहेर पडले तर क्रांती चौकात फ्लेक्स लागलासुद्धा होता. 'ग्राहकांचा कैवारी, गोरगरिबांचा आवाज हरपला.' फोटो निवडणुकीतला, गाल गुळगुळीत केलेले, आणि खाली शोकाकुल मंडळींची रांग, त्यातल्या दोघांनी गॉगल लावलेले. चाळीस वर्षं माझा मित्र असलेल्या माणसाचा मृत्यू मी सिग्नलला उभी राहून वाचत होते. रडू यायला हवं होतं... आली ती किळस. आता महिना उलटून गेलाय. किळस काही उतरलेली नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांनी हा नियम केला, त्यांच्या ओळखीत एखादा आमदार नसावा.

जनार्दन पिशोर गावचा. घरची शेती बरी होती, विहिरीला पाणी होतं, त्यामुळे हलाखीची कहाणी त्याच्याकडे नव्हती, आणि सुरुवातीला तो ती सांगतही नसे. आम्ही अर्थशास्त्राच्या एकाच वर्गात. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं आणि मुलं मुलींना आडनावाने हाक मारत. मी कुलकर्णी. पुढे लग्न होऊन मी जोशी झाले, त्याच कॉलेजात शिकवायला लागले, निवृत्त झाले, तरी त्याच्या लेखी मी कुलकर्णीच राहिले. त्याच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती, कडता. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मका विकायला नेला की आडत्या धूळ, ओलावा असं काहीबाही म्हणून प्रत्येक पोत्यामागे थोडा माल कापून घेतो, त्याला कडता म्हणतात. जनार्दनची आई त्यावरून दर हंगामात आडत्याशी भांडायची आणि दर हंगामात हरायची. एकदा वर्गात सरांनी कर म्हणजे काय असं विचारलं, तर हा उठून म्हणाला, "कर म्हणजे सरकारचा कडता, सर. आडत्या निदान डोळ्यांदेखत कापतो. सरकार काड्यापेटीच्या किमतीत लपवून कापतं." वर्ग हसला. सरांनी विचारलं, मग कर नकोच का? हा म्हणाला, नकोच. त्या वयात माणसाला सगळंच नको असतं.

शिक्षण संपल्यावर आम्ही काही जणांनी ग्राहक मंडळ काढलं. औरंगपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर खोली घेतली आणि आठवड्यातून एकदा शहागंजात टेबल मांडू लागलो. टेबलावर तपासून घेतलेला काटा आणि शिक्क्याची वजनं. बाजार करून जाणाऱ्याने आपला माल आमच्याकडे पुन्हा तोलून बघावा, एवढाच उद्योग. माल कमी भरला की जनार्दन गिऱ्हाइकाला घेऊन दुकानात जायचा, पण भांडायचा नाही. हात जोडून म्हणायचा, शेठ, तुमच्या काट्याला काहीतरी झालंय बघा. खोट काट्यात आहे म्हटलं की शेठची अब्रू राहते आणि गिऱ्हाइकाला माल पुरा मिळतो. हे शहाणपण सर्वस्वी त्याचं. मी गेले असते तर पहिल्याच दिवशी हाणामारी झाली असती. समोरच्याची अब्रू राखून काम काढायचं, या गुणाचं मला तेव्हा फार कौतुक होतं. हाच गुण एक दिवस त्याला खाऊन टाकेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

लताबाई आमच्या आयुष्यात आली ती या टेबलामुळे. ती शहागंजात भाजी विकायची, अजूनही विकते. एक दिवस गिऱ्हाइकांच्या रांगेत ती स्वतःचा तराजू घेऊन उभी राहिली. कुणीतरी तिला लबाड म्हटलं होतं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. तिचं अर्ध्या किलोचं वजन हरवलं होतं, त्याच्या जागी ती एक दगड वापरायची. आम्ही दगड तोलला तर तो चांगलाच जड निघाला. म्हणजे ही बाई लोकांना रोज जास्तीची भाजी देत होती. जनार्दन हसून हसून बेजार झाला. लताबाई मात्र गंभीर. म्हणाली, "म्हणून गिऱ्हाईक हटत नव्हतं व्हय." पण दगड तिने तिथेच टेबलावर ठेवला आणि नवं वजन घेतलं. तेव्हापासून ती मंडळाची झाली आणि जनार्दन तिचा जनूभाऊ झाला. दिवाळीला तो तिच्या वस्तीत जाऊन ओवाळून घ्यायचा. हे नातं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. खोटं असतं तर पुढचं सगळं इतकं घाण वाटलं नसतं.

त्याला लोकांनी ओळखलं ते पाणीपट्टीवरून. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. क्रांती चौकात मे महिन्याच्या उन्हात उभा राहून जनार्दनने पहिल्यांदा मोठ्या गर्दीपुढे भाषण केलं, आणि त्यात मोंढा, शहागंज आणि सरकार यांना एकाच दोरीत बांधलं. दुकानदाराने अर्धं माप दिलं तर त्याच्यावर खटला होतो, मग अर्धं पाणी देऊन पुरी पट्टी घेतली तर त्याला काय म्हणायचं? कर भरणारा माणूसही गिऱ्हाईकच असतो, त्याला माप मागायचा हक्क आहे. आणि बागेला पाणी घालणाऱ्या बंगल्याला जेवढी पट्टी, तेवढीच एका खोलीत राहणाऱ्याला, तर ही समानता नव्हे, हा कडता आहे. माणसं रिक्षा थांबवून ऐकत होती. मी गर्दीत उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. अर्थशास्त्राची इतकी पुस्तकं वाचून मला हे इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही.

मग तो आमदार झाला. पहिली पाच वर्षं मी त्याच्यावर खूश होते, उगाच नाकारत नाही. अधिवेशनाआधी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही त्याचे प्रश्न तयार करायचो. प्रश्न मी लिहायचे, तो विचारायचा, आणि माझा नवरा वसंत खांद्यावर टॉवेल टाकून मंत्री व्हायचा. वसंत बँकेत होता, त्याला उत्तर न देता बोलत राहण्याचा सराव होता. "हे अंशतः खरे आहे" असं तो इतक्या गांभीर्याने म्हणायचा की जनार्दन हातातला घास खाली ठेवायचा. ज्या प्रश्नातून वसंतला निसटता येणार नाही, तोच प्रश्न पाठवायचा, असा आमचा नियम. त्या टेबलावर जनार्दनचं मत माझ्यासमोर बदललं, आणि ते बदलणं चांगलं होतं. कर नकोच म्हणणारा माणूस सरकारी दवाखाने, शाळा, आश्रमशाळा बघून आला आणि म्हणाला, कुलकर्णी, मी चुकत होतो. कर पाहिजे. ज्याचं पोतं मोठं त्याच्याकडून जास्त पाहिजे, आणि घेतलेल्याचं माप चव्हाट्यावर पाहिजे. आमदार झाल्यावर आपण चुकत होतो असं म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. नंतरही नाही.

दुसऱ्या खेपेला तो निवडून आला आणि हळूहळू त्याला सगळ्यांच्याच काट्याला काहीतरी झाल्यासारखं वाटू लागलं. खोट कुणाचीच नाही. बिल्डरची नाही, शाळावाल्याची नाही, आडत्याची तर नाहीच. पाणीपट्टी सगळ्यांना सारखी हवी, असं तो एका मुलाखतीत म्हणाला, कारण गरिबालाही स्वाभिमान असतो, त्याला सूट दिली की आपण त्याचा अपमान करतो. मी ते वाचून त्याला फोन केला. म्हटलं, अरे, एका खोलीत राहणाऱ्या बाईचा स्वाभिमान बंगल्याएवढी पट्टी भरून वाढतो हे तुला कोणी शिकवलं? तो हसला. म्हणाला, लोकांना पैसे भरायची सवय लागली पाहिजे, त्याशिवाय विकास होत नाही. विकास हा शब्द तो आता पूर्वी कडता म्हणायचा तितक्या वेळा म्हणू लागला होता. ग्राहकाचं काय, म्हटलं, तर म्हणे ग्राहक जागा झालाय, आता व्यापाऱ्याला जगू द्या. जेवायला येणं कमी झालं. आला तर दोन माणसं बाहेर गाडीत बसलेली असायची आणि वसंतच्या मंत्र्याला तो पूर्वीसारखा हसायचा नाही. माणसाने मत बदलावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याचं मत गाडीत बसून बदलत होतं, आणि दर वेळी गाडी जिकडे जाईल तिकडेच बदलत होतं.

त्याच काळात लताबाईची थोरली लेक सुनीता बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. लताबाईच्या वस्तीत नळाचं पाणी आलं तर गढूळ यायचं, एरवी टँकरचं, प्लास्टिकच्या ड्रमात भरून ठेवलेलं. घरातले सगळे तेच पीत आले होते. पण पोटुशी लेक माहेरी आली असताना तिला ड्रमातलं पाणी पाजायचं, हे कुठल्या आईला जमेल? लताबाईने थंड पाण्याचा जार लावला. घरात त्या जारला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा तिने सगळ्यांना दम भरला होता. जार जवळच्याच एका प्लांटमधून यायचे. प्लांट जनार्दनच्या एका कार्यकर्त्याचा, उद्घाटनाची फीत जनार्दननेच कापलेली, आणि त्याच्या वाढदिवसाला वस्तीत सवलतीचे जार वाटले तेव्हा प्रत्येक जारवर त्याचा हसरा फोटो चिकटवलेला. वस्तीत दोन-तीन प्लांटचे जार यायचे. लताबाईने हाच निवडला. जनूभाऊचा फोटो आहे म्हणजे पाणी चांगलंच असणार, असं तिला वाटलं.

गल्लीत ज्या घरांत तो जार जात होता त्या घरांतून कावीळ निघाली. बाकीची माणसं आजारी पडली आणि उठली. सुनीताला आठवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती शुद्धीत नव्हती. ती गेली, पोटातलं बाळ गेलं. ड्रमातलं पाणी पिणारे घरातले सगळे धडधाकट राहिले. लताबाई पुढे कित्येक दिवस एकच वाक्य बोलायची, "मी तिला येगळं पाणी दिलं." कावीळ त्याच जारमधून आली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पाणी कुणी तपासलंच नव्हतं, आणि आमचा प्रश्न नेमका तोच होता. सीलबंद बाटलीला नियम आहेत. हे जार सीलबंद नसतात, म्हणून ते त्या नियमात बसत नाहीत. पिण्याचं पाणी म्हणून विकायचं, आणि विचारलं की म्हणायचं, आम्ही नुसतं पाणी गार करून देतो.

जनार्दन मयतीला आला होता, लताबाईच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडला होता. त्याच आठवड्यात तो आमच्या टेबलावर आला आणि स्वतःहून म्हणाला, कुलकर्णी, लिही प्रश्न. मी लिहिला. हे जार कोणत्या नियमाखाली विकले जातात, त्यातलं पाणी कोण तपासतं, आणि कुणीच तपासत नसेल तर शासन काय करणार आहे? वसंतने टॉवेल टाकला, तीन वेळा निसटायला बघितलं आणि हात टेकले. प्रश्न गेला, स्वीकारला गेला, छापून आला. अधिवेशन नागपूरला होतं. जनार्दनने माझे आणि लताबाईचे प्रेक्षक गॅलरीचे पास काढून दिले, म्हणाला, तिने स्वतः ऐकायला पाहिजे. आम्ही आदल्या दिवशी जाऊन माझ्या नणंदेकडे उतरलो. सकाळी लताबाई ठेवणीतली साडी नेसली. फाटकावर पिशव्या, फोन सगळं काढून घेतलं, तेव्हा ती घाबरली, पण वर जाऊन बसली आणि खाली बघत राहिली. वरून सगळे सारखेच दिसतात. ती मला हळूच विचारत होती, जनूभाऊ कोणता?

आमचा प्रश्न आला. अध्यक्षांनी क्रमांक वाचला, जनार्दनचं नाव घेतलं आणि थांबले. पुन्हा नाव घेतलं. मी त्याची जागा शोधून काढली होती, ती रिकामी होती. मला वाटलं, येतोय, आता दार उघडेल. मंत्री फाइल उघडून उभं राहायच्या बेतात होते, ते परत टेकून बसले. सदस्य जागेवर नसला की सभागृह थांबत नाही. पुढचा प्रश्न पुकारला गेला, रस्त्यांबद्दल काहीतरी होता, आणि दुसरं कुणीतरी उठून बोलायला लागलं. गॅलरीत आवाज करायला बंदी असते. लताबाईने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "बाई, झालं का आपलं?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही माहीत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर तो लगबगीने आला, फोन हातात. उशीर झाला, शिष्टमंडळ आलं होतं, पुढच्या अधिवेशनात नक्की, असं तो लताबाईला म्हणाला, आणि ती 'व्हय' म्हणाली. मला बाजूला घेऊन मात्र वेगळं सांगितलं. "कुलकर्णी, प्रश्न मांडला असता तर उद्या सगळ्या प्लांटला कुलपं. मग उन्हाळ्यात वस्तीत पाणी कोण देणार, तू? ही पोरं आपलीच आहेत, कर्ज काढून धंदा करतात. त्यांना मी आतून सांगतो, पाणी सुधारतो. अब्रू राखून काम होत असेल तर दवंडी कशाला पिटायची?" हे बोलणं अगदीच पोकळ नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. शेठच्या दुकानात तो अब्रू राखायचा तेव्हा गिऱ्हाईक त्याच्या बाजूला उभं असायचं, पुरा माल घेऊन घरी जायचं. इथे गिऱ्हाईक पायऱ्यांवर उभं होतं आणि फाटकावरून परत मिळालेली आपली पिशवी चाचपत होतं. पुढच्या अधिवेशनात प्रश्न आला नाही. प्लांट चालूच राहिला. सुधारणा म्हणाल तर एकच झाली, जारवरचा फोटो काढला.

मग पक्षाने त्याचं तिकीट कापलं आणि त्याला गरीब पुन्हा दिसायला लागले. पुरवण्यांमधून त्याचे लेख येऊ लागले, वाढत्या विषमतेवर, साबणापासून मोबाइलपर्यंत गरिबाकडून वसूल होणाऱ्या करावर, झोपलेल्या ग्राहक चळवळीवर. लेख चांगले होते, हीच तर पंचाईत. त्यातली काही वाक्यं माझ्या जेवणाच्या टेबलावरची होती. लोक मला फोन करून म्हणायचे, जनूभाऊ परत पहिल्यासारखे झाले हो. मत बदलून परत मूळ जागी आलेल्या माणसाबद्दल लोकांना फार प्रेम वाटतं. तो कशामुळे परत आला, हे कुणी विचारत नाही. अपक्ष उभा राहिला आणि त्याने लताबाईच्याच वस्तीत सभा घेतली. मी गेले होते. स्टेजवर लताबाई बसलेली, तीच ठेवणीतली साडी. जनार्दनने माइक हातात घेतला आणि म्हणाला, माझी भाची सुनीता या निर्दयी यंत्रणेने मारली. यंत्रणेने! मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले, खाली बायका पदराने डोळे पुसू लागल्या. जारचा उल्लेख होता, प्लांटचा नव्हता. नागपूरचा तर नव्हताच. मी सभेतून उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी शहागंजात जाऊन मी लताबाईवर चिडले. तुला कशाला बसवलं होतं तिथे, तू का गेलीस, कळत नाही का तुला तो काय करतोय? तिने मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणं थांबवलं नाही. म्हणाली, "कळतंय की बाई. पण माइकवर तिचं नाव घेतो म्हणला. ती गेल्यापसून घराभाईर कुणीच नाव घेतलं नाय तिचं." मी मेथीची एक जुडी घेतली आणि परत आले. जनार्दन निवडणूक हरला, मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही थोडी घाणच वाटली.

शेवटचा तो आमच्या घरी आला तेव्हा फार वाळला होता. पोटाचं दुखणं होतं, नाव सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. वसंतने चहा केला आणि शहाण्यासारखा आत निघून गेला. जनार्दन टेबलावर हात ठेवून बराच वेळ करांबद्दल बोलत राहिला. आपलं मत आता कसं पक्कं झालंय, वारशाने येणाऱ्या संपत्तीवर कर कसा हवा, ग्राहकाला न्याय घराजवळ कसा मिळायला हवा. सगळं बरोबर होतं. मी त्याला मधेच तोडलं. म्हटलं, मतं राहू देत जनार्दन, त्या दिवशी तू कुठे होतास ते सांग. शिष्टमंडळ वगैरे नको. त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "दारातच होतो. सभागृहाच्या बाहेर, पॅसेजमध्ये. माझं नाव ऐकलं मी. दोन्ही वेळा."

मी म्हटलं, मग? आत का नाही आलास?

"आत आलो असतो तर बोलावं लागलं असतं आणि सगळ्यांनी बघितलं असतं. बाहेर थांबलो तर फक्त तूच बघशील असं वाटलं. तुला समजावता येईल असं वाटलं."

"आणि लताबाई?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. मी विचारलं तेव्हाच त्याला आठवलं होतं की गॅलरीत तीही होती. पास त्यानेच काढून दिला होता... तरी ती बघेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. एवढी भाषणं, एवढे लेख, आणि ज्या बाईने दर दिवाळीला त्याला ओवाळलं, ती त्याच्या हिशेबी बघणाऱ्यांत नव्हती. मला वाटतं ते त्यालाही त्याच क्षणी कळलं. चहा निम्मा तसाच ठेवून तो उठला, जिन्याच्या कठड्याला धरून उतरला. मी त्याला थांबवलं नाही. मला तो हवाही होता आणि समोर नकोही होता. आमची भेट ही शेवटची.

शोकसभेला मी जाणार नव्हते. गेले ती लताबाईमुळे. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली. सभागृह भरलेलं, स्टेजवर त्याच्या फोटोला हार, पहिल्या रांगेत तो प्लांटवाला पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. एकेक जण उठून जनूभाऊंच्या ग्राहकप्रेमाबद्दल बोलत होता. एकाने त्यांनी विधानसभा कशी दणाणून सोडली ते सांगितलं. लताबाई माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही बोलणार हाय ना? मग सुनीताचं नाव घ्या. त्येच्या माघारी आता कोण घेणार?" तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

स्टेजच्या पायरीशी मी चपला काढल्या. वर पोहोचल्यावर लक्षात आलं की ही त्याची सवय. कुठेही बोलायला उभा राहिला की तो आधी चपला काढायचा, क्रांती चौकातल्या तापलेल्या डांबरावरसुद्धा. म्हणायचा, पाय भाजले की माणूस थोडक्यात बोलतो. पुढे बूट आले आणि भाषणं लांबली. सभागृहातली फरशी गार होती, पण मी थोडक्यातच बोलले. म्हटलं, शेवटच्या रांगेत बसलेल्या लताबाई गायकवाड यांची मुलगी सुनीता बाळंतपणाला माहेरी आली, जनार्दनचा फोटो लावलेल्या जारमधलं पाणी प्यायली, तिला कावीळ झाली आणि बाळ पोटात असतानाच ती गेली. तिच्यासाठीचा प्रश्न जनार्दनच्या नावाने पुकारला गेला तेव्हा तो दाराबाहेर उभा होता आणि त्याला ते ऐकू येत होतं, असं त्याने मरण्याआधी मला सांगितलं. तो माझा मित्र होता. एवढं बोलून मी माइक ठेवला. मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटाच आहोत हे कळल्यावर थांबला. अध्यक्ष म्हणाले, बाईंच्या भावना आपण समजू शकतो, आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. प्लांटवाला फोनमध्ये बघत होता.

आम्ही तिथे थांबलो नाही. रिक्षात लताबाई क्रांती चौक मागे पडेपर्यंत बाहेरच बघत होती. मला वाटलं, तिला राग आला असेल, मेलेल्या भावाबद्दल भर सभेत असं बोलले म्हणून. शेवटी मीच विचारलं, माझं काही चुकलं का गं?

"नाय," ती म्हणाली. "त्यो रडून घ्यायचा तिचं नाव. मंग लोक त्येच्याकडंच बघायचे. आज पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं."

शहागंज आल्यावर ती उतरली, पदर खोचला आणि भाजीवरचं ओलं पोतं उचलायला गेली.